परक्या मातीत वारसा कसा टिकतो?
(वळिवड्याच्या पोलिश छावणीपासून एक धडा)



लग्नसराई आली की कराड-मलकापूरपासून तासगाव-सांगलीपर्यंतची कितीतरी कुटुंबे बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. तिथली कापडाची दुकाने आपल्या चांगल्या ओळखीची आहेत. पण ही बाजारपेठ उभी राहण्यापूर्वी त्याच जागेवर पाच वर्षे एक छोटे पोलंड वसले होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. आपले गाव, आपली भाषा, आपला देश मागे सोडून आलेल्या माणसाने काय जपावे आणि कसे जपावे, या प्रश्नाचा विचार आज आपण त्या वसाहतीच्या आधारे करू.

१. वळिवड्याला आलेली माणसे

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना कुटुंबांसह मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत हद्दपार करण्यात आले. थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी कितीतरी माणसे तिथेच दगावली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा पोलंडच्या लंडनमधील निर्वासित सरकारचा रशियाशी करार झाला आणि या लोकांपैकी अनेकांची सुटका झाली. १९४२ मध्ये पोलिश सैन्याबरोबर हजारो स्त्रिया व मुले कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमध्ये पोहोचली. तिथून त्यांना आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि भारतात आसरा मिळाला.

गुजरातेत नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ पोलिश मुलांना आपल्या छत्राखाली घेतले. भारतातली सर्वांत मोठी वसाहत मात्र कोल्हापूर संस्थानात, मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरच्या वळिवडे येथे उभी राहिली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार माणसे राहिली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. कर्ते पुरुष युद्धावर गेलेले, नाहीतर रशियाच्या बर्फाखाली गाडले गेलेले. आपल्या सातारा जिल्ह्यातील पाचगणीलाही आजारी व अशक्त पोलिश माणसांना हवापालटासाठी ठेवलेले होते.

या माणसांनी पहिले काम कोणते केले? कौलारू बराकींत संसार थाटताच त्यांनी शाळा सुरू केल्या. पहिलीपासून महाविद्यालयाच्या उंबरठ्यापर्यंतचे शिक्षण पोलिश भाषेत दिले जाई. प्रार्थनामंदिर झाले, दवाखाना झाला, नाटकाचा रंगमंच झाला, बालवीर आणि वीरबालांची पथके उभी राहिली. या पथकांचे काम पाहण्यास झ्दिस्वाव पेशकोव्स्की नावाचा तरुण लष्करी अधिकारी आला होता. कातिन येथे हजारो पोलिश अधिकाऱ्यांची हत्या झाली, त्यातून वाचलेल्या मोजक्यांपैकी तो एक. पुढे ते धर्मगुरू झाले आणि कातिनच्या मृतांची स्मृती जागी ठेवणे हेच त्यांनी २००७ साली मृत्यू येईपर्यंत आपले जीवनकार्य मानले.

आपल्याकडे एक समजूत असते की आधी पोट भरावे, मग भाषा, गाणी आणि सण यांचा विचार करावा. वळिवड्याच्या आयांनी तसे केले नाही. ज्या मुलांनी दोन वर्षे फक्त भूक पाहिली होती त्यांना धान्याइतकीच स्वतःची ओळखही हवी आहे, हे त्यांनी जाणले होते.

२. गावच नकाशावरून सरकले तर?

या कथेचा सर्वांत कठीण भाग पुढेच आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी ठरवले की पोलंडचा पूर्वेचा मोठा प्रदेश सोव्हिएत संघाकडेच राहील. वळिवड्यातील बहुतेकांची गावे नेमकी त्याच प्रदेशात होती. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटन व अमेरिकेने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. घरी परतायचे म्हणून पाच वर्षे जपलेल्या या माणसांना कळले की ते घर आता दुसऱ्या देशात आहे.

बदल्यात पोलंडला पश्चिमेकडे जर्मनीचा जो प्रदेश मिळाला, त्यात सायलेशियाचा मोठा भाग होता. पूर्वेकडून उठवलेली लक्षावधी पोलिश कुटुंबे तिथे जाऊन वसली. वळिवड्याचे काहीजण पोलंडला परतले, पण बरेचसे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशा देशांत पांगले. काही मुलींची इथेच लग्ने झाली आणि त्या कोल्हापूरकर होऊन राहिल्या. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. फाळणीने घरदार गमावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत राहायला आली आणि त्यांनी आजचे गांधीनगर उभे केले. ज्यांचा प्रांतच सीमेपलीकडे गेला अशा दोन समाजांना एकामागून एक त्याच कौलांनी आसरा दिला.

मग ज्यांचे गावच परके झाले त्यांनी कशाशी नाते ठेवले? भारतात राहिलेल्या या पोलिश लोकांनी लंडनमध्ये आपली संघटना बांधली. ते वर्षानुवर्षे एकत्र जमत राहिले आणि त्यांनी आठवणी व कागदपत्रे गोळा करून एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांचे नाते दोन टोकांचे होते. एक टोक हरवलेल्या गावाशी, तर दुसरे ज्या मातीने आसरा दिला तिच्याशी. म्हणूनच ते म्हातारपणी कोल्हापूरला परत आले. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात कृतज्ञतेचा स्तंभ उभा राहिला, तर सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातच स्मारक झाले. वॉर्सा शहरातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पांजली वाहिली.

३. टेक्सासमधील सायलेशियन

हाच प्रश्न एका जुन्या उदाहरणातून पाहू. १८५४ साली अपर सायलेशियातील शेतकरी कुटुंबे जहाजाने अमेरिकेत टेक्सासला गेली. सायलेशिया तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता, पण या लोकांची घरची बोली पोलिश वळणाची होती. फादर लेओपोल्ड मोचिगेम्बा या त्यांच्याच भागातील धर्मगुरूंनी त्यांना बोलावले होते. नाताळच्या आदल्या रात्री ते नियोजित जागी पोहोचले आणि एका ओक वृक्षाखाली त्यांनी मिस्सा अर्पण केला. त्या गावाचे नाव त्यांनी ठेवले पन्ना मारिया, म्हणजे कुमारी मरिया.

त्यांची बोली दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. ते निघाले तेव्हा विमान अस्तित्वात नव्हते. पुढे विमाने आली तेव्हा या शेतकऱ्यांनी उडणे या अर्थाच्या आपल्या जुन्या क्रियापदावरून ‘फुरगोच’ असा स्वतःचा शब्द घडवला. मायदेशातल्या सायलेशियन लोकांनी मात्र त्याच वस्तूसाठी जर्मन वळणाचा शब्द घेतला. जी भाषा नव्या वस्तूला नाव देऊ शकते ती जिवंत असते. पण पुढे शाळा इंग्रजी झाली, मग घरात मुलांशी इंग्रजी बोलणे सुरू झाले आणि आज ही बोली बहुतांशी वयस्कांच्याच तोंडी उरली आहे. गेल्या काही दशकांत तिथले वंशज सायलेशियातील नातलगांच्या शोधात जाऊ-येऊ लागले. २०२१ साली पन्ना मारियात एक वारसा केंद्रही उघडले. केंद्रात जुनी कागदपत्रे जपता येतात. बोली मात्र आई मुलाशी बोलते तोवरच जगते.

अमेरिकेत पोलिश धर्मगुरू घडवणारे विद्यालय असावे म्हणून याच फादर मोचिगेम्बांनी रोमहून परवानगी मिळवली होती. पुढे वळिवड्याचे पेशकोव्स्की ज्या विद्यालयात शिकले आणि ज्यात त्यांनी शिकवले, ते हेच.

४. मूळ आणि कुंपण

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल हिने १९४३ साली, म्हणजे वळिवड्याची छावणी वसत होती त्याच वर्षी, लंडनमध्ये एक ग्रंथ लिहिला. मुळे रुजलेली असणे ही माणसाच्या आत्म्याची मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गरज आहे, असा तिच्या विचाराचा गाभा आहे. पण ती असेही बजावते की ज्याची स्वतःची मुळे उपटली गेली आहेत तो इतरांचीही उपटू लागतो.

म्हणून मूळ आणि कुंपण यांतला फरक ओळखायला हवा. आजीची बोली येणे हे मूळ आहे. ती न येणाऱ्याला कमी लेखणे हे कुंपण आहे. पवित्र शास्त्रात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. स्तोत्र १३७ मधील बंदिवान बाबिलोनच्या नद्यांकाठी यरुशलेमच्या आठवणीने रडतात आणि तिला न विसरण्याची शपथ घेतात. दुसरीकडे संदेष्टा यिर्मया (अध्याय २९) त्याच बंदिवानांना पत्र पाठवून घरे बांधायला, बागा लावायला, मुलाबाळांची लग्ने करायला आणि त्या परक्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करायला सांगतो. आम्हाला वाटते, ही दोन्ही वचने एकत्र वाचली पाहिजेत. नुसते रडत राहणारा समाज झिजतो आणि नुसती घरे बांधणारा समाज स्वतःला विसरतो.

५. आपल्या दारी

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी भागातील गलाई व्यवसाय करणारी माणसे दुष्काळामुळे घर सोडून तामिळनाडू, केरळपासून उत्तरेपर्यंत सोने-चांदी गाळण्यासाठी गेली. मुले तिथल्या शाळांत तिथल्या भाषेत शिकतात, पण गावच्या जत्रेला कुटुंब परत येते. आपल्या मिस्सेला येणाऱ्या कुटुंबांतही कोणी केरळचे, कोणी गोव्याचे, कोणी नगरकडचे आहे. आणि आपली मुले आता पुण्याच्याही पलीकडे, परदेशात चालली आहेत. त्यांच्या मुलांना आजोबांचे गाव नावाने तरी ठाऊक असेल का?

वळिवड्याच्या बायकांकडे ना जमीन होती, ना सरकार, ना परतीची खात्री. तरी पाच वर्षांत त्यांनी मुलांना भाषा, श्रद्धा आणि कृतज्ञता दिली. आपल्याकडे तर रोजचा फोन आहे. सवड नाही, ही सबब आपण किती दिवस सांगणार?

या आठवड्यात घरी करण्यासाठी

१. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला तिचे मूळ गाव, आई-वडील व आजी-आजोबा यांची नावे विचारून वहीत लिहून ठेवा. वर्षही लिहा.
२. एक दिवस रात्रीची प्रार्थना आजी-आजोबांच्या बोलीत म्हणा.
३. बाहेरगावी असलेल्या नातवंडाला फोनवर गावाकडची एक गोष्ट घरच्या भाषेत सांगा.
४. आपल्या गल्लीत परप्रांतातून आलेले कुटुंब असेल तर त्यांचे गाव कोणते, हे आपुलकीने विचारा.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण वारसा म्हणून जे जपतो त्यातले मूळ कोणते आणि कुंपण कोणते?
२. आपल्या कुटुंबाला ज्या गावाने आसरा दिला, त्या गावाचे ऋण आपण कसे फेडतो?

पुढील रविवारी मिस्सा संपल्यावर सर्वांनी आपापल्या वह्या घेऊन थांबावे. आपण एकमेकांची गावे ऐकू.

ख्रिस्तशरण,
आपले धर्मगुरू