दंडावरची चकती आणि सरकारी तिजोरी

मधुमेह म्हटला की बोटाला सुई टोचणे आलेच. अलीकडे मात्र काही मंडळींच्या दंडावर नाण्याएवढी गोल चकती चिकटवलेली दिसते. ‘डॉक्टर, हे काय असते? आम्हाला मिळेल का?’ असे रुग्ण विचारतात. दोन्ही प्रश्नांचा आज विचार करू.

चकती काय करते?

या चकतीला सेन्सर म्हणतात. तिच्याखालचा केसासारखा बारीक तंतू त्वचेखाली राहतो आणि पेशींभोवतीच्या द्रवातील साखर दर काही मिनिटांनी मोजतो. सर्वसाधारण सेन्सर १४ दिवस चालतो. द्रवातील साखर रक्तातील साखरेच्या काही मिनिटे मागे असते. म्हणून घाम, थरथर, धडधड होत असूनही आकडा चांगला दिसत असेल, तर बोटाला टोचून खात्री करावी.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी उपयोगी आहेच. पण दुपारी साखर ३०० आणि पहाटे ५० होत असेल, तर सरासरी ठीक दिसते आणि धोका झाकलेला राहतो. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे हा इशारा, तर ५४ च्या खाली जाणे ही गंभीर बाब होय.

खर्चाचे गणित

गोरेगाव पूर्वेच्या आरे कॉलनीतून माझ्याकडे रुग्ण येतात. कोणी आदिवासी पाड्यातले, कोणी मध्यरात्रीनंतर धारा काढायला उठणारे तबेल्यातले कामगार. एक सेन्सर साधारण चार-पाच हजार रुपयांना पडतो. वर्षाला २६ सेन्सर, म्हणजे खर्च लाखाच्या वर जातो. ज्यांना साध्या ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सही परवडत नाहीत, त्यांनी हा विचार कसा करावा?

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती मोठा आधार आहे, पण तिचा भर रुग्णालयातील उपचारांवर आहे. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर डायलिसिस योजनेत बसते. ती निकामी होऊ नयेत म्हणून घरी रोज लागणारी स्ट्रिप मात्र बसत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मधील पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. एवढ्या सर्वांना कायम सेन्सर देणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. प्रश्न अग्रक्रमाचा आहे.

इतरांनी काय केले?

फ्रान्सने २०१७ मध्ये असा सेन्सर सरकारी विम्यात घेतला. इंग्लंडमध्ये २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी टाइप १ च्या सर्व प्रौढ रुग्णांना तो देऊ करावा असे ठरले. एवढे दूर जायचेही कारण नाही. केरळ सरकारच्या ‘मिठायी’ योजनेत गरीब घरांतील टाइप १ मधुमेही मुलांसाठी इन्सुलिन पेन, सेन्सर आणि पंप यांची तरतूद आहे. या मुलांच्या शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते त्यांना जन्मभर टोचून घ्यावे लागते.

आमच्या भागातील अशाच एका मुलीची आई रोज रात्री दोनदा उठून तिचे अंग घामेजले का ते चाचपून पाहत असे. नातेवाइकांनी वर्गणी काढून एकच सेन्सर घेतला. १४ दिवसांच्या आलेखात दिसले, की साखर पहाटे दोन ते चारच्या दरम्यान घसरते. तज्ज्ञांनी रात्रीचा डोस बदलला. पुढे स्ट्रिपवरच काम भागले आणि आईला झोप मिळू लागली.

मागणी माफक आहे

पहिले, इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येकाला इन्सुलिन, सुया आणि स्ट्रिप्स मोफत व नियमित मिळाव्यात. दुसरे, टाइप १ ची मुले, इन्सुलिनवरील गर्भवती आणि ज्यांची साखर वारंवार घसरते अशांना शासनाने सेन्सर द्यावा. तिसरे, इन्सुलिन घेणाऱ्या इतरांना वर्षातून एक-दोनदा १४ दिवसांपुरता तो लावावा. माहिती साठवणारे आणि डॉक्टरांच्या यंत्रावर वाचता येणारे सेन्सरही असतात. त्यांना रुग्णाकडे स्मार्टफोन लागत नाही आणि एक यंत्र अनेकांना पुरते. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ केंद्रांतून हे करता येईल.

आरे कॉलनी १९४९ मध्ये वसली ती शहराला स्वच्छ दूध मिळावे म्हणून. तो भार तेव्हा शासनाने उचलला. मधुमेही मुलाची रात्र सुरक्षित करणे त्याहून कमी महत्त्वाचे नाही.

तोपर्यंत घरातल्यांनी एवढे पाठ ठेवावे. साखर ७० च्या खाली गेली आणि रुग्ण शुद्धीवर असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि इन्सुलिनचा डोस मनाने कधीही बंद करू नये.