मुदतीची नेमणूक

चि. माई,

तुझे पत्र आणि सोबतच्या दोन नेमणूकपत्रांच्या नकला पोहोचल्या. ग्रंथालयशास्त्राची पदवी पदरात पडली, पण ज्या ज्या जाहिरातीस तू अर्ज केलास तीत अनुभवाची अट होती आणि अनुभव तर नोकरीवाचून मिळत नाही, अशी जी कोंडी तुझ्या वाट्यास आली, ती फोडण्यासाठीच अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी रेसिडेन्सीची ही वाट काढली आहे. नव्या पदवीधरास, विशेषतः ज्या समाजांची माणसे या व्यवसायात अभावानेच दिसतात त्यांतील पदवीधरास, एक ते तीन वर्षांच्या मुदतीने, पुऱ्या पगारावर, ग्रंथपालाच्या हुद्द्यावर रुजू करून घ्यावयाचे आणि संदर्भसेवा, तालिकीकरण, दुर्मीळ ग्रंथ अशा खात्यांतून फिरवून त्याचा हात बसवावयाचा, अशी ही तजवीज आहे. तुझ्या बाबांनी ही बातमी कळताच पेढे वाटले, असे कळले. वाटोत बापडे, तू मात्र पेढा तोंडात घालण्यापूर्वी कागद वाच.

तुझ्या पत्रातील एक वाक्य मला खटकले. ‘त्यांनी मला घेतले हेच पुष्कळ झाले, आता आणखी काय विचारायचे?’ असे तू लिहितेस. माई, ही नेमणूक उपकार समजून स्वीकारू नकोस, करार समजून स्वीकार; कारण उपकृत माणूस प्रश्न विचारीत नाही आणि प्रश्न न विचारणाऱ्या उमेदवाराची मुदत पाहुणचारातच संपून जाते.

ही जागा निर्माण होण्यामागे केवढा इतिहास आहे, तोही तुला ठाऊक असावा. अमेरिकेत कृष्णवर्णीय ग्रंथपालांना शिकण्यासाठी १९२५ साली हॅम्प्टन येथे स्वतंत्र शाळा काढावी लागली, ती १९३९ साली बंद पडली. पुढे १९४१ साली अटलांटा विद्यापीठात दुसरी निघाली, तीही २००५ साली मिटली. डेलावेअर विद्यापीठाच्या ग्रंथालयातील रेसिडेन्सीस पॉलिन यंग यांचे नाव दिलेले आहे. विल्मिंग्टनच्या हॉवर्ड हायस्कुलात मुलांना शिकविण्यात आणि तेथील ग्रंथालय सांभाळण्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या या बाई. आणि ज्या विद्यापीठाने आज त्यांचे नाव आपल्या योजनेस लाविले आहे, त्याच विद्यापीठाचे दरवाजे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १९५० साली न्यायालयाने निकाल दिल्यावरच पुरते उघडले. याउलट आपल्या घरी तीन पिढ्या पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत आणि मराठी शाळेत आपल्यास कोणी दाराबाहेर बसविले नाही. अमेरिकेच्या हिशेबात तू ‘अल्पसंख्य’ ठरतेस, ते खरेच आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु ज्यांनी भांडून ही जागा निर्माण केली त्यांच्या लेकरांशी ग्रंथालयात तुझी गाठ पडेल, तेव्हा दोघांचे दुःख एकच आहे अशा थाटात बोलू नकोस.

पॉलिन यंग यांनी १९३५ साली ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली ती कोलंबिया विद्यापीठातून, जेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकावयास गेले होते. त्या शिष्यवृत्तीसही करार होता. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याचा. बडोद्याच्या ज्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणवून राज्यात गावोगाव वाचनालये उभारण्याचे काम त्याच्यावर सोपविले, त्यांच्याच राजधानीत १९१७ साली बाबासाहेब हुद्द्यावर रुजू झाले, आणि रात्री पाठ टेकावयास त्यांना कोणी जागा देईना. पारशी खानावळीत नाव बदलून राहिले, तेथूनही त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने हुसकून लाविले. हुकूम वरून निघाला होता, पण खालची माणसे त्यास दाद देत नव्हती. तुझ्या बाबतीत कोणी काठी उगारणार नाही, देवाची कृपा; परंतु ग्रंथालयाच्या संचालकांनी मोठ्या उत्साहाने मंजूर केलेली रेसिडेन्सी ज्या खात्याच्या गळ्यात पडते, त्या खात्यास ती नको असते, असे मी माझ्या नोकरीत एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. नवी मुलगी पहिल्या दिवशी येते तेव्हा तिला मेज नसते, संगणकाचा परवाना नसतो, आणि तिला काय काम द्यावयाचे हे कोणी ठरविलेले नसते.

म्हणून दोन्ही ठिकाणी पुढील गोष्टी लेखी विचार. पगार कोणत्या खात्यावर पडणार, कायम अंदाजपत्रकातून की एकवेळच्या अनुदानातून? मागील रेसिडेंट आज कोठे आहेत, आणि त्यांतील एकाशी तुला खाजगीत बोलता येईल काय? हा दुसरा प्रश्न ऐकून जे चाचरतील, त्यांचा अंदाज तुला तेथेच येईल. तुझ्या कामाची देखरेख कोण करणार, त्या व्यक्तीचे नाव काय, आणि ती व्यक्ती मध्येच सोडून गेली तर काय व्यवस्था?

अमेरिकेतील ग्रंथालयांत साठलेल्या मराठी पुस्तकांचा प्रश्न निराळा. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाचे दिल्लीस १९६२ पासून कार्यालय आहे. अमेरिकेने रुपयांत विकलेल्या ज्या पी. एल. ४८० च्या गव्हाला आपल्या लोकांनी नावे ठेवीत तो खाल्ला, त्याच गव्हाच्या रुपयांतून या कार्यालयामार्फत अमेरिकन विद्यापीठांकडे आपली पुस्तके गठ्ठ्यांनी जाऊ लागली. असे न उघडलेले गठ्ठे तुझ्या वाट्यास येतील. रोमन लिपीतील नोंदीत ळ च्या खालचे टिंब गळालेले, लेखिकेचे माहेरचे आणि सासरचे नाव दोन निराळ्या व्यक्ती म्हणून नोंदलेले, असे पुष्कळ सापडेल, आणि ते दुरुस्त करताना तुला आनंदही होईल. अवश्य कर, पण किती तास, हे आधी ठरवून घे, नाहीतर ‘तिला ती भाषा येते’ एवढ्या आधारावर मुदतभर तुला तळघरात बसवतील आणि संदर्भाच्या मेजावर बसण्याचा अनुभव, जो पुढील प्रत्येक मुलाखतीत विचारतात, तो राहूनच जाईल. समित्यांचेही तेच. छायाचित्रासाठी आणि अहवालासाठी तुला प्रत्येक समितीवर घ्यावेसे त्यांना वाटेल. एक निवड, बाकीच्यांस हसून नकार दे. मुदत संपताना तुझ्या नावावर एक पुरे झालेले काम असू दे, मग ते लहानसे का असेना: एखादा लेख, एखादे प्रदर्शन, एका संग्रहाची सूची.

आता तू विचारतेस, कोणते पत्र स्वीकारावे. पहिल्या ग्रंथालयाची कीर्ती मोठी, पगारही अधिक; पण मुदत एका वर्षाची, म्हणजे सहाव्या महिन्यास तू पुन्हा अर्ज लिहीत बसणार आणि वर्षभरात कोणाशी धड ओळखही होणार नाही. दुसरे आडगावी आहे, परंतु तेथे मुदत तीन वर्षांची आणि एकाच वेळी दोन रेसिडेंट घेतात. अमेरिकन, आयोवा, व्हर्जिनिया टेक आणि वेस्ट व्हर्जिनिया या चार विद्यापीठांनी २०१५ साली अशा योजनांचा जो संघ उभारला, त्याच्या मुळाशीही हीच जाणीव असावी की एकटी ठेवलेली व्यक्ती कुचंबते. मी दुसऱ्याच्या बाजूची आहे. एक सावधगिरी मात्र घे. टेक्ससचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाल्यावर तेथील सरकारी विद्यापीठांत विविधतेच्या नावाने चालणारी कार्यालये बंद झाली, आणि इतर राज्यांतही वारे त्याच दिशेचे आहे. तेव्हा गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबू नकोस; योजना मध्येच गुंडाळली तर पगाराची हमी कोणाची, हे करारातच लिहून घे.

उत्तर देण्याची तारीख पंधरा आहे. प्रश्नांचा मसुदा उद्यापर्यंत तयार करून मला दाखव; मी त्यावर शेरे मारून परत पाठवीन. घरभाड्याची चौकशीही आत्ताच कर, कारण आडगावी बस मिळत नाही आणि तुला अजून गाडी चालविता येत नाही. बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
आत्या