गव्हर्नेस आणि माजघर : स्त्रियांच्या लेखनातील प्रणय व वर्गभेद

भिलाईच्या पोलाद-वसाहतीत नोकरीच्या श्रेणीनुसार घर मिळते. पत्ता सांगितला की हुद्दा कळतो. अशा नगरीतील वाचकाला व्हिक्टोरियाकालीन लेखिकांच्या प्रणयकादंबऱ्यांचे एक मर्म वेगळे समजावून द्यावे लागत नाही. नायिका कोणत्या दाराने घरात शिरते, यावर तिच्या प्रेमाचे भवितव्य ठरते. दर्शनी दार मालकांचे, मागचे नोकरांचे. या दोन्ही दारांशी नाते असूनही कोणत्याच दाराची नसलेली स्त्री म्हणजे मुलांना घरी शिकवणारी गव्हर्नेस. 1851 च्या सुमारास इंग्लंडात अशा सुमारे 25,000 स्त्रिया होत्या. संख्या फार मोठी नव्हे. परंतु कादंबरीने त्यांना जेवढी जागा दिली तेवढी लक्षावधी मोलकरणींना दिली नाही. कारण उघड आहे. गव्हर्नेसचे शिक्षण मालकिणीच्या बरोबरीचे, वेतन मात्र चाकराच्या पंक्तीतले. प्रणयकथेला हवा असलेला ताण या विसंगतीतच आयता मिळत होता.

शार्लट ब्रॉण्टीच्या ‘जेन एअर’मध्ये (1847) नायिका मालकापुढे आत्म्याच्या समानतेचा दावा करते. तथापि लेखिकेने कथानकाची जुळणी कशी केली आहे, तेही पाहिले पाहिजे. जेनला चुलत्याचे 20,000 पौंड मिळतात. त्यांचे चार वाटे करूनही ती 5,000 पौंडांची धनीण होऊन परतते. दरम्यान रॉचेस्टरचा वाडा जळालेला असतो आणि त्याची दृष्टी गेलेली असते. समानता सिद्ध होण्यास एक मृत्युपत्र आणि एक आग लागावी, हा या थोर कादंबरीचा दुबळेपणा नव्हे, तो तिचा प्रामाणिकपणा होय. पुढच्या पिढीतील लोकप्रिय लेखिकांनी हे सूत्र अधिक निष्ठुरपणे हाताळले. मिसेस हेन्री वुड यांच्या ‘ईस्ट लिन’मध्ये (1861) सरदारकन्या इसाबेल वकील पतीला सोडून जाते, रेल्वे अपघातात विद्रूप होते आणि आपल्याच मुलांची गव्हर्नेस म्हणून आपल्याच घरी ओळख लपवून राहते. मेरी एलिझाबेथ ब्रॅडनच्या ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’मध्ये (1862) गव्हर्नेस सरदाराची पत्नी होते आणि वाचकाला तिच्या प्रत्येक अलंकाराचा संशय येऊ लागतो. चढणारीही संशयित, उतरणारीही शापित. अशा कथा प्रामुख्याने तीन खंडांत निघत. खंडत्रयीची किंमत साडेएकतीस शिलिंग असल्याने बहुतेक वाचक त्या मूडीच्या फिरत्या ग्रंथालयातून वर्षाला एक गिनी वर्गणी भरून आणीत. तिसरा खंड आणि विवाह यांची सांगड त्या व्यापारातूनही पक्की झाली.

त्याच काळातील मराठी स्त्रीलेखनाविषयी असे म्हटले जाते की, बालविवाहामुळे येथे प्रणयाला अवकाशच नव्हता. म्हणून हे लेखन सामाजिक दस्तऐवज म्हणून मोलाचे, साहित्य म्हणून बेताचे. हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रणय नव्हता असे नाही, त्याचा क्रम उलटा होता. इंग्रजी कथेत विवाह शेवटी येतो. मराठीत तो पहिल्या पानावरच उरकलेला असतो. जातीने वर-वधू सारखे ठरवलेले. परंतु इंग्रजी शिक्षणाने त्या एकाच घरात दोन वर्ग निर्माण केले. पती दिवाणखान्यात वृत्तपत्र वाचणारा, पत्नी माजघरात अक्षरशत्रू. इंग्लंडातील दोन दारांमधील अंतर येथे ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये आले.

रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 मध्ये अकराव्या वर्षी झाला. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ (1910) या ग्रंथात न्यायमूर्तींनी त्यांना शिकवण्यास केलेला आरंभ आणि त्यामुळे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा ओढवलेला रोष यांचे जे वर्णन आहे, ते थोर पुरुषाच्या चरित्राचे साधन म्हणूनच बहुधा वाचले गेले. प्रत्यक्षात ती वर्ग ओलांडण्याची कथा आहे. पाटी, धडा, पतीची नाराजी व प्रसन्नता यांतून अनुराग वाढत जातो. आणि नायिका वरच्या वर्गात चढत असताना मागे राहिलेल्या बायका तिला क्षमा करीत नाहीत. काशीबाई कानिटकर (1861–1948) यांचीही वाचन-लेखनाची खरी साधना विवाहानंतरची. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी ‘मनोरंजन आणि निबंधचंद्रिका’ या मासिकातून क्रमशः येऊ लागली आणि 1903 मध्ये ग्रंथरूपाने निघाली.

हे अंतर उलट दिशेने पडले तर काय होते, हे कादंबरीने नव्हे, न्यायालयाने दाखवले. शिकलेल्या रखमाबाईने बालपणी लग्न लागलेल्या अशिक्षित पतीकडे नांदण्यास नकार दिला. 1884 मध्ये दावा दाखल झाला. 1885 चा निकाल तिच्या बाजूने लागला, परंतु 1887 मध्ये पतीकडे जा अथवा सहा महिने कारावास भोगा, असा आदेश झाला. 1888 मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली. जेनला वारसा मिळाला म्हणून ती परत येऊ शकली. रखमाबाईला परत न जाण्यासाठी रक्कम मोजावी लागली.

गव्हर्नेसची खरी मराठी बहीण अवतरायला 1933 उजाडावे लागले. विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’मधील शिकलेली, मिळवती, अविवाहित मुलगी कोणाच्या वाड्यात राहत नाही, ती वडिलांच्याच घरात असते. तिच्या वेतनावर घर चालते म्हणून तिचे लग्न लांबते. येथे प्रणयाच्या आड मालक येत नाही, जन्मदाते येतात, आणि तेही तिच्यावर प्रेम करणारे. ब्रॉण्टीच्या कल्पनेतही न आलेला हा पेच आहे. ब्रॉण्टीने ‘करर बेल’ हे पुरुषाचे वाटेल असे नाव घेतले होते. बाळूताई खरे यांनी, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकरांनी, टोपणनाव घेतले तेही स्त्रीचेच. आपले लेखन स्त्रीचे आहे हे त्यांना लपवायचे नव्हते. लपवायचे होते ते एवढेच, की ती स्त्री कोण.