अनोख्या प्राण्यांच्या मेंदूचे नकाशे: एक नवी वाट

ब्लॅककॅप हा चिमणीएवढा युरोपीय पक्षी रात्री स्थलांतर करतो आणि दिशा ठरवताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचाही आधार घेतो. ही जाणीव त्याच्या मेंदूत कुठे उमटते हे शोधायचे, तर आधी त्या मेंदूचा भरवशाचा नकाशा हवा. उंदराचा तसा नकाशा आहे. अमेरिकेतील ॲलन इन्स्टिट्यूटने १६७५ उंदरांच्या मेंदूंची सरासरी काढून केलेला त्रिमितीय ॲटलास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. ब्लॅककॅप, ॲक्सोलॉटल हा उभयचर प्राणी, गुहेतला आंधळा मासा यांच्यावरचे काम त्यामानाने नवे आहे, आणि नव्या माणसांना वाव आहे तो इथेच.

असा नकाशा बनवताना सूक्ष्मदर्शकाने अनेक मेंदूंची थराथराने छायाचित्रे घेतली जातात. संगणक ती एकमेकांवर बसवून एक सरासरी मेंदू तयार करतो. मग शरीररचनेचा जाणकार पडद्यावर एकेका भागाची सीमा आखतो. सर्वांत संथ आणि सर्वांत मोलाचे काम हेच, कारण सीमा चुकली की पुढच्या प्रयोगांचे निष्कर्ष भलत्याच भागाच्या नावावर जमा होतात.

साहजिकच जीवशास्त्र आणि संगणक दोन्ही लागतात. अकरावीत जीवशास्त्र घेताना गणित सोडू नये. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले की मेंदूचा अभ्यास संपला, ही अनेक घरांतली समजूत चुकीची आहे. पुण्याच्या ‘आयसर’मध्ये बारावीनंतर पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम आहे, त्यासाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अभियांत्रिकीतूनही येता येते: आयआयटी मद्रासच्या मेंदू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा ‘धरणी’ हा ॲटलास ५१३२ कापांवरून तयार केला. पीएचडीसाठी मानेसरचे राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र आणि बंगळुरूची आयआयएससी हेही चांगले पर्याय आहेत.

वाट लांब आहे, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. पीएचडीला साधारण पाच-सहा वर्षे जातात. केंद्र सरकारची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. निव्वळ ॲटलास बनवण्याची पदे मोजकीच असतात. मात्र प्रतिमांवर प्रक्रिया करण्याचे कौशल्य एमआरआय-सीटी स्कॅनच्या विश्लेषणातही उपयोगी पडते.

आवड पारखायला खर्च येत नाही. ‘ब्रेनग्लोब’ या मुक्त प्रकल्पाचे ॲटलास आणि पायथॉनमधली साधने मोफत उतरवून घेता येतात. थोडे पायथॉन येणारा विद्यार्थी सुट्टीत घरीच सुरुवात करू शकतो.