हरताळ आणि काकपद : संगणकाच्या चौकटीत अक्षरावर अक्षर लिहिताना

जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्यात तर चूक दुरुस्त करण्याच्या दोन रीती त्यांत आढळतात. एखादे अक्षर लिहावयाचे राहून गेले असेल, तर लेखक त्या जागी काकपदाची खूण करी व गाळलेले अक्षर ओळीच्या वर किंवा समासात लिही. चुकीचे अक्षर पडले असेल, तर त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई आणि तो वाळला की त्याच जागी योग्य अक्षर काढी. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत याच रीतीवरून आला. पहिल्या रीतीत जुने सर्व शाबूत राहून नव्यास जागा मिळते. दुसरीत जुने नाहीसे झाल्यावाचून नवे येत नाही.

संगणकाच्या पडद्यावर लिहितानाही याच दोन रीती आहेत. शब्दाच्या मध्ये कर्सर ठेवून एखादी कळ दाबली असता पुढची अक्षरे उजवीकडे सरकली, तर ते काकपद झाले. पुढचे अक्षर पुसून त्याच्या जागी नवे आले, तर तो हरताळ झाला. या दुसऱ्या रीतीस आपण अधिलेखन म्हणू. कळफलकावरील ‘इन्सर्ट’ नावाची कळ या दोहोंत पालट करण्यासाठीच ठेवलेली असते. परंतु ब्राउझरमधील साध्या चौकटी बहुधा काकपदाचीच रीत पाळतात; अधिलेखन हवे असल्यास आज्ञावली लिहिणाऱ्याने ते स्वतः घडवावे लागते. नवशिक्यास हा चार ओळींचा धडा वाटतो. इंग्रजीपुरता तो तसा आहेही. मराठीत मात्र त्याच चार ओळी माणसाचे नाव बिघडवू शकतात.

प्रथम थोडा इतिहास. टंकयंत्रावर अक्षरावर अक्षर मारले तर खालचे नष्ट होत नसे. दोन्हींची शाई एकमेकींत मिसळून काळा डाग तेवढा उमटे. मुंबईच्या गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतात बनविलेले पहिले टंकयंत्र बाजारात आणले, तेव्हाही हाच नियम होता. देवनागरी टंकयंत्रात एक विशेष होता, तो ध्यानात ठेवावा. मात्रा, उकार, अनुस्वार अशा चिन्हांच्या कळा दाबल्या असता कागदाची गाडी पुढे सरकत नसे, कारण ती चिन्हे आधीच्या अक्षराच्या माथ्यावर वा पायाशी बसावयाची असत. कोणती कळ नवे घर व्यापते आणि कोणती जुन्याच घरात राहते, हे त्या यंत्राच्या कारागिरांनी ओळखले होते.

पुढे १९७१ साली आयबीएमचे ३२७० या जातीचे पडदे आले. त्यांवर ठराविक लांबीच्या चौकटी असत आणि अधिलेखन हीच तेथील स्वाभाविक रीत होती. छापील अर्जातील घरांत एकेक अक्षर भरावे तसे. याउलट अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर (१९४५–२०२०) यांनी असे आग्रहाने मांडले की, एकाच कळीचा अर्थ यंत्राच्या अवस्थेनुसार बदलू नये. कारण माणूस अवस्था विसरतो आणि त्याचे लिखाण नाश पावते. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही ‘अवस्था नकोत’ अशा अर्थाची अक्षरे होती. मला त्यांचे म्हणणे बहुतांशी पटते. म्हणून अधिलेखन द्यावयाचेच असेल, तर ते चालू असताना कर्सर बारीक रेघेऐवजी ठोकळ्यासारखा करावा, म्हणजे पुढचे कोणते अक्षर जाणार हे लिहिणाऱ्यास डोळ्यांनी दिसेल.

आता मूळ गणिताकडे वळू. चौकटीतील मजकुराचे कर्सरच्या जागी दोन भाग पडतात, डावा व उजवा. काकपदाचे सूत्र असे :

नवा मजकूर = डावा + आलेले अक्षर + उजवा

आणि अधिलेखनाचे असे :

नवा मजकूर = डावा + आलेले अक्षर + (उजव्यातील पहिले अक्षर वगळून उरलेला उजवा)

कर्सर शेवटी असेल तर उजवा भाग रिकामा असतो व दोन्ही सूत्रे एकच होतात. काही मजकूर आधीच निवडलेला असेल, तर फक्त तेवढाच जावा. त्यापुढचे अक्षर आणखी खाऊ नये. हे नवशिक्याच्या ध्यानात बहुधा राहत नाही. सूत्र सोपे आहे. सगळी अडचण ‘पहिले अक्षर’ या दोन शब्दांत दडलेली आहे.

संगणक अक्षरे साठवीत नाही, अंक साठवतो. १९९१ साली निघालेल्या युनिकोड या जागतिक संहितेत देवनागरीस २३०४ ते २४३१ असे १२८ अंक दिले आहेत. ‘क’ म्हणजे २३२५, ‘घ’ म्हणजे २३२८, काना २३६६, आणि व्यंजनाचा पाय मोडण्याचे चिन्ह २३८१. अर्थात आपण ज्याला ‘घा’ हे एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी दोन अंक होत. ‘बालाघाट’ या नावात आपल्याला बा, ला, घा, ट अशी चार अक्षरे दिसतात. संगणक सात मोजतो. ‘लांजी’त आपली दोन, त्याचे पाच. ‘ज्ञानेश्वर’ या नावात आपली चार अक्षरे, परंतु पायथनला किंवा जावास्क्रिप्टला लांबी विचारा, उत्तर दहा येईल.

अधिलेखनाची आज्ञावली ‘एक अंक वगळ’ एवढेच सांगत असेल तर काय होते ते पाहा. चौकटीत घाईने ‘पकाश’ असे पडले आहे. विद्यार्थी कर्सर आरंभी नेतो, अधिलेखन चालू असते, आणि तो ‘प्र’ लिहू लागतो. ‘प्र’ला तीन कळा लागतात : प, पाय मोडण्याचे चिन्ह, र. पहिली कळ ‘प’ला पुसते, ते ठीक. दुसरी ‘क’ला पुसते. तिसरी त्याच्यामागील कान्याला पुसते. उरते ‘प्रश’. मुलाने एक अक्षर दुरुस्त केले आणि दुसरे पुरते गमावले. ‘बालघाट’मध्ये राहिलेला काना याच रीतीने भरावयास गेलात, तर ‘घ’ नाहीसा होतो, त्याचा काना पोरका होतो, आणि पडद्यावर दोन काने एकापुढे एक येतात. दुसऱ्यास आधार नसल्याने त्याच्याशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. तेवढे वर्तुळ तरी दिसते. ‘प्रश’मध्ये काहीच खटकत नाही, आणि अर्ज तसाच पुढे जातो. आपल्या बालाघाट जिल्ह्यात काही घरांची भाषा मराठी व कचेरीची हिंदी. ‘ळ’चा ‘ल’ होण्याने आपल्या कुटुंबांतील आडनावे आधीच दोन कागदांवर दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, गुणपत्रिका आणि बँकेचे खाते यांतील नाव जुळेना की विद्यार्थ्याच्या वडिलांना किती खेपा घालाव्या लागतात, हे येथील घरोघरी ठाऊक आहे. त्यात आज्ञावलीने आपली भर घालू नये.

मग नियम काय असावा? टंकयंत्राच्या कारागिरांनी वाट दाखविलेलीच आहे. आलेला अंक काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार किंवा पाय मोडण्याचे चिन्ह असेल, तर तो मागील अक्षरास जाऊन चिकटतो. त्याने पुढचे काहीही पुसू नये. आलेला अंक व्यंजन असेल आणि त्याच्या लगेच मागे पाय मोडलेला असेल, तर तेही मागच्याशी जोडाक्षर होत आहे. त्यानेही काही पुसू नये. यांखेरीज कोणतेही नवे अक्षर आले, तर पुढचे एक पूर्ण अक्षर त्याच्या सर्व चिन्हांसकट जावे. ‘पकाश’ आता तपासा. ‘प’ने ‘प’ पुसला. चिन्ह नुसतेच चिकटले व क्षणभर ‘प्काश’ असे विचित्र दिसले. मग ‘र’ काही न पुसता मध्ये शिरला आणि ‘प्रकाश’ झाले.

येथे चतुर विद्यार्थी एक शंका काढील. ‘कावले’चे ‘कावळे’ करावयाचे आहे. एकेक अंक पुसणाऱ्या जुन्या रीतीने ‘ल’च्या जागी ‘ळ’ येतो, मात्रा आपोआप राहते, एका कळीत काम होते. नव्या नियमाने मात्र ‘ले’ सबंध जाईल, ‘कावळ’ उरेल आणि मात्रा पुन्हा द्यावी लागेल. शंका खरी आहे. तरीही मी नव्या नियमाच्याच बाजूचा आहे. जुनी रीत जुन्या व नव्या अक्षराची घडण सारखी असते तेथेच साधते. घडण बदलली की फसते, आणि फसल्याचे सांगतही नाही. ठोकळ्यासारख्या कर्सरने जे झाकलेले दिसते तेवढेच जावे, हा करार लिहिणाऱ्यास कळतो. एक कळ जास्त पडली तरी चालेल.

‘पुढचे एक पूर्ण अक्षर’ म्हणजे कुठपर्यंत, हे स्वतः ठरवीत बसण्याचे कारण नाही. मजकुराचे अक्षरांनुसार तुकडे करणारी साधने जावास्क्रिप्टसारख्या भाषांत तयार असतात. परंतु त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. युनिकोडच्या जुन्या नियमांनुसार जोडाक्षर पाय मोडलेल्या जागी तुटत असे. ‘क्षेत्र’ या शब्दाचे क्, षे, त्, र असे चार तुकडे पडत. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेल्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवण्याचा नियम आला, तेव्हा त्याच शब्दाचे दोन तुकडे होऊ लागले. जे आपल्याकडे पहिलीतल्या मुलास ठाऊक असते, ते संहितेत यावयास बत्तीस वर्षे लागली. जुन्या आवृत्तीवर चालणारे साधन अजूनही चारच सांगेल, म्हणून आपले साधन कोणते उत्तर देते ते ‘क्षेत्र’ हा शब्द देऊन आधी पाहावे.

चौकटीच्या मर्यादेचाही विचार केला पाहिजे. समजा, दहा अंकांची मर्यादा आहे आणि तीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव काठोकाठ भरले आहे. अनेक नवशिके असे लिहितात : लांबी दहा झाली असेल तर कळ नाकारावी. मग भरलेल्या चौकटीत अधिलेखन करताच येत नाही. ‘र’च्या जागी दुसरा ‘र’देखील लिहिता येणार नाही. तपासणी आधी न करता, सूत्राने नवा मजकूर तयार करून त्याची लांबी मोजावी. इंग्रजीत अधिलेखनाने लांबी वाढत नाही, मराठीत वाढते. त्याच नावाचे ‘ज्ञानेश्वरी’ करावयास शेवटच्या ‘र’ला वेलांटी द्या, अंक अकरा होतात, जरी अक्षरे चारच राहतात. माझ्या मते नावाच्या चौकटीची मर्यादा अंकांत न ठेवता माणूस मोजतो त्या अक्षरांत ठेवावी. साठवणुकीच्या नेहमीच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक अंक तीन बाइट घेतो, हे ध्यानात ठेवून मागे जागा सढळ ठेवावी म्हणजे झाले.

प्रत्यक्ष आज्ञावली लिहिताना आणखी एक खाच लागते. सूत्राने तयार केलेला मजकूर चौकटीत सबंध पुन्हा भरला की कर्सर उडी मारून शेवटी जातो, आणि पुढची सर्व अक्षरे तेथे पडू लागतात. त्यास दर वेळी परत आणावे लागते. शिवाय केलेले मागे घेण्याची सोयही बिघडते. याहून चांगली युक्ती अशी की, अक्षर चौकटीत पडण्यापूर्वीच निवड पुढच्या एका पूर्ण अक्षरापर्यंत वाढवावी. ब्राउझर निवडलेले पुसून नवे लिहितोच. हरताळ फासण्याचे काम त्याच्याकडेच सोपवावे. हे सर्व दाबलेल्या कळीवर न ठरवता चौकटीत येऊ घातलेल्या मजकुरावर ठरवावे, कारण मोबाइलवर किंवा रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणाऱ्या साधनांत कळ एक आणि येणारे अक्षर भलतेच असते. तेथे अक्षर जुळून पक्के होईपर्यंत अधिलेखनाने हात आखडता घ्यावा.

तपासणीसाठी वारासिवनी, कटंगी, वैनगंगा ही आपल्या परिसरातील नावे घ्यावीत आणि त्यांत एक ‘दऱ्या’ हा शब्द मुद्दाम घालावा. हा शब्द दोन प्रकारांनी साठवलेला सापडतो : कोठे खाली टिंब असलेला ऱ, पाय मोडण्याचे चिन्ह आणि य, कोठे साधा र, तेच चिन्ह, त्यामागे एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. डोळ्यांस भेद दिसत नाही. पहिल्यात पाच अंक, दुसऱ्यात सहा. त्या अदृश्य चिन्हासही मात्रेप्रमाणेच वागवावे, म्हणजे त्याने पुढचे काही पुसू नये. आणि त्यानंतर व्यंजन आले असता मागे पाय मोडलेला आहे की नाही, हे त्या चिन्हाच्या पलीकडे पाहून ठरवावे.