चाळीसगावात सेंद्रिय भात लावावा का?

प्रश्न : गिरणेच्या पाटाखाली आमची चार एकर काळी जमीन आहे. कपाशी सोडून सेंद्रिय भात लावायचा विचार आहे. खानदेशात भाताची काही जुनी रीत आहे, की ती कोकणातूनच शिकायची?
— एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : रीत आहे, आणि ती तुमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहे. पांझरेकाठी आणि नाशिककडच्या मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. भाताच्या खाचरात पाणी तुंबवावं लागतं. ते झिरपून शेजारची कपाशी पिवळी पडते. अख्खा फडच भाताचा असला की या भांडणाला जागाच उरत नाही. पाणी कमी असलं की गाव एखादा फड पड ठेवी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. भात लावायचा की नाही हे एकट्या शेतकऱ्यानं ठरवायचं नाही, हे यातलं मोठं शहाणपण, आणि मला ते आजही पटतं.

कारण हिशेब पाण्याचा आहे. जळगाव जिल्ह्याचा पाऊस वर्षाला 700 मिलिमीटरच्या आतबाहेर. एक किलो तांदळामागे सरासरी अडीच हजार लिटर पाणी धरतात. नवापूरकडे पाऊस जास्त, म्हणून तिथे भात सहज येतो. तुमच्याकडे तो पाटाच्या भरवशावर राहील.

लावायचाच असेल तर बी आधी मिठाच्या पाण्यात टाका, 10 लिटरला 300 ग्रॅम. तरंगतं ते पोचट. ते काढून उरलेलं बी स्वच्छ पाण्यात धुवून सावलीत सुकवा. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह मिळत नाही म्हणून रोपं पिवळी पडतात, तेव्हा रोपवाटिकेत शेणखत भरपूर घाला. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीतली पहिली तीन सूत्रं तुमच्या कामाची : भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीत परत घालणं, गुंठ्याला 30 किलो गिरिपुष्पाचा पाला चिखलात तुडवणं, आणि दोन-तीन रोपांचे चूड ठरावीक अंतरावर लावणं. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं, ते सोडा. सगळ्यात जास्त दमवील ते तण. बांध फुटू न देता पाणी धरलंत तरच ते आटोक्यात राहील.

चार एकर मात्र लावू नका. पाणी आपोआप साचतं अशा खोलगट भागात दहा गुंठे लावून पाहा, बाकी रानात ज्वारी, बाजरी, तूर घ्या. आणि रोप टाकण्याआधी खालच्या बांधाच्या शेतकऱ्यांशी बोला. पीजीएस म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी देण्याच्या पद्धतीतल्या सेंद्रिय प्रमाणपत्रासाठीही किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो.