‘एम्पेदॉस’ : एका ग्रीक विशेषणाची पाळेमुळे

होमरच्या महाकाव्यांत ‘एम्पेदॉस’ हे विशेषण वारंवार भेटते. कोशात त्याचा अर्थ ‘भक्कम, स्थिर, अढळ’ असा आढळतो. तो बरोबरच आहे; पण तेवढ्यावर थांबल्यास शब्दाचा प्राण निसटतो, असे मला वाटते.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. ‘एन्’ म्हणजे आत, ‘पेदॉन’ म्हणजे जमीन. जे जमिनीत रोवलेले आहे ते ‘एम्पेदॉस’. ‘पेदॉन’ ज्या इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याच धातूपासून संस्कृत ‘पद’ व ‘पाद’ आले; आपला ‘पाय’ हा ‘पाद’चाच वंशज. तेव्हा हा शब्द परका असला तरी नात्यातला आहे. दगड कठीण असतो, पण तो उचलून नेता येतो. ‘एम्पेदॉस’मध्ये कठीणपणापेक्षा जागा न सोडणे महत्त्वाचे.

हा अर्थ पुढे मनालाही लागू झाला. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात हेलन पॅरिसविषयी म्हणते, की याचे मन ‘एम्पेदॉस’ नाही. उलट ‘ओडिसी’च्या दहाव्या सर्गात टायरेसियस हा अंध द्रष्टा मृतांच्या लोकात असूनही त्याची बुद्धी तशीच शाबूत आहे, हे सांगताना हेच विशेषण येते.

परंतु शब्दाची खरी कसोटी ‘ओडिसी’च्या तेविसाव्या सर्गात आहे. वीस वर्षांनी परतलेल्या ओडिसियसची परीक्षा घेण्यासाठी पेनेलोपी दासीला त्याचा पलंग बाहेर हलवण्यास सांगते. तो संतापतो. जमिनीत उभ्या असलेल्या जिवंत ऑलिव्ह वृक्षाचे खोड तासून त्याने तो पलंग केलेला असतो. तो हलणार कसा? पलंग अजून ‘एम्पेदॉस’ आहे ना, असे तो विचारतो. लगेच पुढे, पेनेलोपीला पटलेल्या त्याच्या खुणांनाही कवी हेच विशेषण लावतो. पलंगाची स्थिरता व खुणेची सत्यता एकाच शब्दात बांधली जाते. अनुवादात येथे दोन शब्द वापरले, की हा धागा तुटतो.

मराठीत ‘पक्का’ दोन्हीकडे चालेल : पलंग पक्का, खूणही पक्की. पण ‘पक्का’ आला ‘पक्व’वरून, म्हणजे शिजण्या-पिकण्यातून. आपली पक्केपणाची कल्पना परिपाकाची, होमरची मुळांची. अनुवादकाने ‘पक्का’ खुशाल वापरावा; मात्र त्या पलंगाखालचे झाड वाचकाच्या नजरेआड होऊ देऊ नये.